वास सिंकचा, दोष कुणाचा?

गौरी जेवतात त्या दिवशी घरात पुरणाचा वास यावा, केवड्याचा यावा, फार तर तळणीचा यावा. मागच्या वर्षी आमच्याकडे या सगळ्यांवर मात करणारा एक वास होता, कुजलेल्या अंड्यासारखा. पंगतीला चौदा माणसं होती. कुणी काही बोललं नाही, कारण आपल्याकडे पाहुणे असं बोलत नाहीत. शेवटी ग्वाल्हेरहून आलेल्या आत्येसासूबाईंनी पानावरून उठताना मला हळूच विचारलं, "अगं, ट्रॉलीमागे उंदीर तर मेला नाही ना?"

उंदीर मेला नव्हता. वास सिंकचा होता आणि गेले पाच महिने येत होता. त्या पाच महिन्यांत आम्ही त्यावर काय काय केलं ते सांगते, कारण त्यातलं निम्मं तरी तुम्हीही केलं असेल. त्यापायी एका बाईवर आम्ही जो अन्याय केला तोही सांगणार आहे. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

वास आला की आधी माणूस शोधतात

आम्ही इंदूरला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं आणि माझं 'ऑफिस' म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी असलेलं जेवणाचं टेबल. त्यामुळे वासाचा पहिला मान माझा.

एप्रिलमध्ये सुरुवात झाली. आधी वाटलं कचऱ्याच्या डब्याचा असेल. मग वाटलं फ्रिजमध्ये काही राहिलं असेल. हळूहळू लक्षात आलं की सिंकपाशी उभं राहिलं की तो येतो.

सासूबाई रामबागेतल्या जुन्या घरात वाढलेल्या. त्यांच्या लहानपणी मोरी असायची, भांडी राखेने घासायची, खरकटं गाईला जायचं आणि मोरीचं पाणी परसातल्या कर्दळीला. "आमच्या मोरीला कधी वास आला नाही," हे त्या मला म्हणाल्या नाहीत, फोनवर त्यांच्या बहिणीला म्हणाल्या. पण मी चार पावलांवर लॅपटॉप उघडून बसले होते. मीही मग संध्याकाळी नवऱ्याला ऐकू जाईल आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तसंच सिंकमध्ये ओततात, मग वास येणारच."

असं महिना-दीड महिना चाललं. शेवटी आम्हा दोघींचं एकमत झालं, पण ते तिसऱ्याच व्यक्तीवर. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या बाई. सहा वर्षं येत होत्या. जाळीत खरकटं राहतं, सिंक नीट घासत नाहीत, घाई करतात, असं आम्ही ठरवून टाकलं आणि जुलैमध्ये त्यांना काढलं.

जाण्याआधी त्या दोन वेळा मला एक गोष्ट सांगायला आल्या होत्या. "भाभी, बास सिंक में से नी आ री, नीचे से आ री हे. चिमनी चलती हे तब जादा आती हे." दोन्ही वेळा माझा कॉल चालू होता. मी "ठीक है, देखते हैं" म्हटलं आणि पाहिलं नाही.

त्या गेल्यावर भांडी आम्हीच घासू लागलो. सिंक लख्ख. वास तसाच.

केलेल्या उपायांची यादी

लिंबाची सालं टाकली. कापूर ठेवला. डांबराच्या गोळ्या जाळीवर ठेवल्या, त्याने सगळ्या घराला जुन्या ट्रंकेचा वास येऊ लागला आणि खालून मूळ वास होताच. उकळतं पाणी ओतलं. सोडा आणि व्हिनेगर तर चार वेळा.

या सोडा-व्हिनेगरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळे तोच सल्ला देतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचा फेस होतो. फेस बघून आपल्याला वाटतं की आत जोरात सफाई चालली आहे. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं ते बहुतेक पाणी आणि त्यात विरघळलेलं सोडियम ॲसिटेट हे क्षार. चिकटलेलं तूप-तेल काढण्याची ताकद त्यात जवळपास नाही. नुसता सोडा जाळीवर टाकून ब्रशने घासला तर त्याचा उपयोग जास्त आहे.

उकळत्या पाण्याचंही तसंच. सिंकखालचे पाइप पीव्हीसीचे असतात आणि पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं. कुकरचं किंवा पास्त्याचं उकळतं पाणी रोज ओतलं तर सांधे ढिले होतात. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम, इतकं पाणी पुरतं.

आता सगळ्यात मोठा मूर्खपणा. गौरी यायच्या आदल्या रात्री मी संडास साफ करायचं ॲसिडचं द्रावण सिंकमध्ये ओतलं आणि मुलीला झोपवायला गेले. मी काही केलंय हे सासूबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी त्यांच्या परीने ब्लीचिंग पावडर कालवून त्याच सिंकमध्ये ओतली. दोन मिनिटांत त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. धावत गेले तर स्वयंपाकघरात पोहण्याच्या तलावासारखा, पण कितीतरी उग्र वास आणि डोळ्यांची आग. आम्ही सगळे बाल्कनीत गेलो, बाकीच्या खिडक्या उघडल्या आणि तासभर आत पाऊल टाकलं नाही. डॉक्टरांना फोन केला. सुदैवाने खोकल्यावर निभावलं, पण त्या रात्री मी बराच वेळ त्यांच्या खोलीच्या दाराशी त्यांचा श्वास ऐकत उभी होते.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला गेला होता. मी इंजिनिअर आहे, हे मला बारावीत शिकवलेलं आहे. तरीही आमच्या घरात हे झालं, कारण सिंकमध्ये काय ओतलंय हे एकीने दुसरीला सांगितलं नाही. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: एका वेळी एकच रसायन, आणि ते ओतलं असेल तर घरातल्या सगळ्यांना सांगायचं. पाइप मोकळा करायच्या कॉस्टिक सोड्याच्या पावडरीवर ॲसिड कधीच नाही. त्यात प्रचंड उष्णता होते आणि द्रावण उसळून अंगावर येतं. आणि संडासाचं ॲसिड स्टीलच्या सिंकला तसंही नको, त्याने स्टीलवर बारीक खड्डे पडतात.

शेवटचा बदल कोणता?

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. आमच्या कामात एखादी चांगली चाललेली गोष्ट अचानक बिघडली की पहिला प्रश्न असतो: शेवटचा बदल कोणता केला? पाच महिने मी हा प्रश्न स्वयंपाकघराला विचारलाच नव्हता.

उत्तर समोर होतं. मार्चमध्ये आम्ही स्वयंपाकघर नवं केलं होतं. जुना कडप्पा काढून ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, वर मोठी चिमणी. वास एप्रिलपासून.

मी सिंकखालची ट्रॉली बाहेर ओढली आणि टॉर्च लावून आत डोकं घातलं. सिंकच्या जाळीपासून एक पांढरा, वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप सरळ खाली आला होता आणि भिंतीलगतच्या एका रुंद पाइपाच्या तोंडात नुसता सोडून दिला होता. तोंड तीन इंचांचं, पाइप सव्वा इंचाचा. उरलेल्या जागेतून आर. ओ.च्या पाण्याची बारीक नळी आत गेली होती. बाकी सगळं उघडं.

मग बाईंचं वाक्य आठवलं. चिमणी चालू असताना जास्त येतो.

टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापून त्या उघड्या तोंडापाशी धरली. पट्टी स्थिर. खिडक्या बंद करून चिमणी पूर्ण वेगाने लावली. पट्टी खोलीच्या दिशेने उडू लागली. (यासाठी उदबत्ती वापरू नका. ड्रेनेजच्या हवेत ज्वलनशील मिथेन असू शकतो आणि आपल्याकडे गॅसचं सिलिंडरही बहुधा तिथेच ओट्याखाली असतं.)

घरगुती चिमण्यांवर तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढण्याची क्षमता लिहिलेली असते. एवढी हवा बाहेर गेली तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. खिडक्या उघड्या असतील तर ती बागेतून येते. पावसामुळे किंवा एसीमुळे खिडक्या बंद असतील तर जिथे फट मिळेल तिथून. आमच्याकडे सगळ्यात मोठी फट म्हणजे पाचही मजल्यांच्या सिंकचं पाणी वाहून नेणारा उभा पाइप होता. आम्ही महागडी चिमणी लावून इमारतीच्या गटाराची हवा घरात ओढत होतो. फोडणी दिली की वास वाढतो, पाहुणे आले की वाढतो, हे कोडं नव्हतंच. पाहुणे आले की तळण असतं आणि तळण असलं की चिमणी पूर्ण वेगाने चालते.

दोन इंच पाण्याचं दार

पूर्वी आमच्या सिंकखाली एक बाटलीसारखा प्लास्टिकचा भाग होता. ट्रॉलीत कचऱ्याचा डबा आणि आर. ओ.ची टाकी बसावी म्हणून काम करणाऱ्यांनी तो काढून टाकला. "ह्याने जागा जाते," असं ते म्हणाल्याचं मला आठवतं, आणि मी मान डोलावल्याचंही. त्या भागाला बॉटल ट्रॅप म्हणतात.

ट्रॅप ही फार साधी गोष्ट आहे. पाइपाला असं वळण द्यायचं की वापर झाल्यावरही त्यात थोडं पाणी साचून राहील, साधारण दोन इंच उंचीचं. घरातलं पाणी त्यातून पुढे ढकललं जातं, पण पलीकडची हवा त्या पाण्यातून अलीकडे येऊ शकत नाही. ना झडप, ना स्प्रिंग, ना वीज. पाणी हेच दार. इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या अशा वळणाचं पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने शौचकूपासाठी घेतलं होतं. अडीचशे वर्षं झाली, तत्त्व अजून तेच आहे. न्हाणीघराच्या फरशीत जाळीखाली असतो तो ट्रॅपही त्याच तत्त्वावर चालतो. देशभरातले प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, शब्द आपल्या न्हाणीच्याच घराण्यातला.

हे पाणी वाळलं की दार उघडं. मे महिन्यात इंदूरच्या कोरड्या हवेत आठ-पंधरा दिवस गावाला गेलात आणि परत आल्यावर घरभर वास असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं. न वापरल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, कपडे धुण्याच्या बाल्कनीत असं हमखास होतं. उपाय म्हणजे तांब्याभर पाणी ओतणं.

ही बाब केवळ नाकापुरती नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स झाला. तपासात पुढे आलेल्या कारणांमध्ये एक असं होतं की अनेक न्हाणीघरांच्या फरशीतल्या ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं होतं आणि एक्झॉस्ट पंखा लावला की ड्रेनेजच्या पाइपातली दूषित हवा खोलीत ओढली जात होती. हे वाचताना मला आमची चिमणी आणि कागदाची पट्टी आठवली.

मुळात वास तयार कसा होतो

ट्रॅप नसणं हे वास घरात येण्याचं कारण. तो तयार कुठे होतो हा वेगळा प्रश्न.

भांड्याला लागलेलं तूप, फोडणीचं तेल, दुधाची साय गरम पाण्याबरोबर पाइपात जाते आणि पुढे थंड झाल्यावर आतल्या बाजूला बसते. त्या चिकट थरावर भाताचं शीत, चहाचा चोथा, डाळीचा साका, आमच्या इंदुरात बारीक शेव, सगळं अडकतं. त्यावर जिवाणूंची बुळबुळीत साय धरते. सायीच्या वरच्या थराला हवा मिळते, खालच्या थराला मिळत नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे वाढतात. अन्नातल्या प्रथिनांत आणि कांदा-लसणात गंधक असतं, साबणात सल्फेट असतं. त्यातून हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा वायू बनवतात. कुजलेल्या अंड्याचा वास तो हाच. हवेच्या एक अब्ज भागांत याचे मोजके भाग असले तरी आपल्या नाकाला कळतो.

पण नाकाचं एक वैशिष्ट्य आहे. सतत एकाच वासात राहिलं की तो जाणवेनासा होतो. म्हणूनच घरच्यांना वाटतं "आता बराच कमी झालाय" आणि पाहुण्याला दारातच कळतं. आपल्या घराला वास आहे का हे ठरवायचं असेल तर बाहेर फिरून आल्यावर पहिल्या मिनिटात ठरवा.

दुरुस्ती

हार्डवेअरच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांचा बॉटल ट्रॅप आणला, एक नवा साधा पाइप आणि भिंतीकडच्या तोंडासाठी घट्ट बसणारी रबरी रिंग. प्लंबरला पाऊण तास लागला. जुना वळ्यांचा पाइप काढला तेव्हा सासूबाईंनी तो वाकून पाहिला. प्रत्येक वळीत काळा गाळ होता. त्या म्हणाल्या, "हे कोण घासणार होतं गं? कुणाचा हात जातोय इथे?"

आर. ओ.ची नळी ट्रॅपच्या आधी, सिंकच्या बाजूला जोडून घेतली. रबरी रिंगेने उरलेली फट बंद झाली. काही ठिकाणी ही फट एम-सीलने कायमची बुजवतात. तसं केलं तर पुढे पाइप साफ करताना फोडावं लागतं, म्हणून रिंग बरी. कचऱ्याचा डबा ट्रॉलीत बसेना, तो बाल्कनीत गेला. त्याच संध्याकाळी खिडक्या बंद करून, चिमणी लावून कागदाची पट्टी पुन्हा धरली. हलली नाही.

तुमच्या घरी वास कुठला, हे असं ओळखा

काहीही ओतण्याआधी एक दिवस नुसतं निरीक्षण करा.

रात्री सिंक कोरडं करा, भोकावर वाटी पालथी घाला आणि कडेने ओलं फडकं दाबा. सकाळी वास नसेल आणि वाटी उचलल्यावर आला, तर वास जाळीतला किंवा पाइपातला आहे. वाटी असूनही आला, तर सिंकखाली शोधा.

सिंकखालचं कपाट उघडताच वास जास्त येत असेल तर पाइपाभोवतीची फट, ढिला सांधा किंवा ट्रॅप नसणं, यांतलं काहीतरी आहे. पाइप गळत असेल तर प्लायवूड ओलं राहून कुबट वास येतो. तो गटाराच्या वासाहून वेगळा असतो.

चिमणी किंवा एक्झॉस्ट लावल्यावर वाढत असेल तर हवा ओढली जातेय. खिडकी बोटभर उघडून बघा. वास कमी झाला तर निदान पक्कं. पण खिडकी हा इलाज नव्हे, फट बंद करणं हा इलाज.

सुट्टीहून आल्यावरच येत असेल तर ट्रॅप वाळलाय. पाणी ओता, दोन तास थांबा.

सिंक रिकामं होताना गुडगुड आवाज येऊन मग वास येत असेल तर पाण्याच्या ओघाबरोबर ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जातंय. उभ्या पाइपाला गच्चीवर हवेसाठी मोकळं तोंड असायला हवं. ते बुजलं असेल तरी असं होतं. हे सोसायटीने पाहायचं काम आहे.

सिंकच्या वरच्या कडेला जास्तीचं पाणी जायला छिद्रं असतील तर तिथे जुना टूथब्रश घालून बघा. ती जागा कुणीच धूत नाही.

रोज एवढंच पुरे

आमच्याकडे आता फ्रिजवर कागद लावलेला नाही, पण सवयी ठरल्या आहेत. तेलकट कढई, तुपाचं पातेलं आधी कागदाने किंवा पोळीच्या तुकड्याने पुसायचं, मग सिंकमध्ये. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये कधीच नाही. लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात २०१७ साली चरबी आणि कचऱ्याचा सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. तो अशाच लाखो कढयांमधून जमला होता. आपल्या पाइपात त्याचं बाळ असतं, इतकंच.

जाळी रोज रात्री काढून उलटी आपटायची. आठवड्यातून एकदा जाळीखालचं तोंड बाटली धुवायच्या ब्रशने, भांड्यांचा साबण लावून घासायचं आणि बादलीभर गरम पाणी एकदम सोडायचं. थोडं थोडं नाही. एकदम सोडलेल्या पाण्याला ओघ असतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा बॉटल ट्रॅपचा खालचा भाग, खाली बादली ठेवून, हाताने फिरवून काढायचा आणि धुवायचा. पहिल्या वेळी नाक दाबावं लागतं. नंतर आपला आपल्याला अभिमान वाटतो.

सासूबाईंच्या राखेचंही रहस्य उलगडलं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते अल्कधर्मी असल्याने तेलाशी मिळून साबणासारखं काम करतं, आणि बारीक पूड तेल शोषूनही घेते. शिवाय मोरीला बंद पाइपच नव्हता. पाणी उघड्यावर वाहायचं, हवा लागायची आणि कर्दळ बाकीचं पाहून घ्यायची. त्यांच्या मोरीला वास नव्हता हे खरंच होतं. पण आमच्या सिंकला असलेला वास हा माझ्या आळसाचा पुरावा नव्हता, हेही त्यांनी आता बहिणीला फोनवर सांगितलं आहे. तेव्हाही मी चार पावलांवरच होते.

आणि खरकटं? इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ओला कचरा हिरव्या डब्यात. देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची आहे, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. गंमत म्हणजे तिथेही काम करतात ते हवेवाचून जगणारे जिवाणूच. तिथल्या टाकीत ते इंधन देतात, आपल्या पाइपात दुर्गंध. वाटीभर भात कुठे टाकायचा एवढंच आपल्या हातात असतं.

राहिलेलं काम

वास गेला त्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "तिने सांगितलं होतं ना तुला? खालून येतो म्हणून?" मी हो म्हटलं. "मलाही सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

माझ्या कामात एखाद्या वापरणाऱ्याने तक्रार केली की "तुम्हीच चुकीचं वापरताय" म्हणून ती बंद करायचा मोह होतो. अशी बंद केलेली तक्रार सहसा परत येते. बाईंनी तर जागा सांगितली होती, वेळ सांगितली होती, कशाने वाढतं ते सांगितलं होतं. आमच्या टीममधले पदवीधरसुद्धा इतकी नेमकी माहिती क्वचित देतात. रोज दोन तास त्या सिंकपाशी उभं राहणारी त्या घरात तीच एक होती, आणि तिच्याखेरीज सगळ्यांचं मत आम्ही ऐकलं.

रविवारी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. सासूबाईंनी गौरीच्या फराळाचा डबा आणि साडी घेतली होती. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते आणि ते विसरले. "गलती हमारी थी," एवढंच म्हणाले. पाइपाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मेने तो बोला था भाभी." रागाने नाही. पण हसूनही नाही. मग त्यांनी सांगितलं की आमच्याकडून काढल्यावर आमच्याच इमारतीतल्या आणखी एका घराने त्यांना नको म्हटलं, कारण "गंदा काम करती है" असं कानावर गेलं होतं. ते कुणी सांगितलं असेल हे आम्हा दोघींना माहीत होतं.

त्या घरी जाऊन आम्ही खरं काय ते सांगितलं. सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. बाईंना सकाळचं दुसरं काम मिळालं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. आमच्याकडे त्या आता फक्त संध्याकाळी येतात, पगार त्यांनी सांगितला तो. सकाळची भांडी आम्ही आळीपाळीने घासतो. त्यात नवराही आला.

गेल्या आठवड्यात त्या येताच म्हणाल्या, "भाभी, बालकनी की जाली देख लेना." माझा कॉल चालू होता. मी माइक बंद केला, उठले, बाल्कनीत गेले आणि तिथे तांब्याभर पाणी ओतलं.